प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनातील तेलगळती

प्रीमियर पद्मिनी या जुन्या भारतीय मोटारीच्या इंजिनातून वंगणतेल झिरपण्याच्या दोषास तेलगळती म्हणतात. यातील अनेक गळती घरच्या अंगणात, साध्या अवजारांनी दूर करता येतात. मात्र दुरुस्तीपूर्वी गळतीचा उगम निश्चित करणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ही मोटार तयार होत असे. इटलीच्या फियाट ११०० वर आधारित या मोटारीत १०८९ घनसेंमी क्षमतेचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा संपली. आता उरलेल्या गाड्या प्रामुख्याने हौशी मालकांनी जतन केलेल्या आहेत.

कारणे

इंजिनाच्या दोन भागांमधील सांधा गॅस्केटने, तर फिरत्या दांड्याभोवतीची फट ऑइल सीलने बंद केलेली असते. उष्णतेने बुचाचे (कॉर्क) गॅस्केट आक्रसते आणि रबरी सील कडक होऊन तडकते. इंजिनातील वायू बाहेर सोडणारी ब्रीदर नळी तुंबल्यास आत दाब वाढतो व तेल सांध्यांतून बाहेर ढकलले जाते. अशा वेळी नवे गॅस्केटही टिकत नाही. प्रमाणाबाहेर तेल भरल्यानेही गळती होते.

उगमाचा शोध

तेल खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरते; त्यामुळे थेंब जेथे पडतो तेथेच दोष असतो असे नाही. थंड इंजिन रॉकेल व ब्रशने स्वच्छ करून पूर्ण कोरडे करावे. संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे. पावडरीवर उमटलेल्या ओल्या रेषेचे सर्वांत वरचे टोक हा बहुधा उगम असतो. म्हणून तपासणी वरून खाली करतात.

दुरुस्ती

वरचे टॅपेट कव्हर ही गळतीची नेहमीची जागा आहे. कव्हर काढून जुने गॅस्केट लाकडी पट्टीने खरवडावे, कडा सपाट असल्याची खात्री करावी आणि नवे गॅस्केट बसवून नट आळीपाळीने, बेताने आवळावेत. जोर लावल्यास बुच चिरते, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. तळाच्या तेलपात्राला गॅरेजच्या भाषेत ‘चेंबर’ म्हणतात. त्याच्या बोल्टांनाही हाच नियम लागू पडतो. तेल काढण्याच्या बोल्टाखालील वॉशर बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडावरून ठिबकणारे तेल क्रँकशाफ्टच्या मागील बाजूचे असू शकते. ते क्लचपर्यंत पोहोचल्यास क्लच घसरू लागतो. या दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने ती कुशल कारागिराकडे सोपवावी.

सुरक्षितता

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी स्टँड लावावेत आणि जमिनीवरील चाकांना ठोकळे द्यावेत. तापलेल्या सायलेन्सर नळीवर तेल पडल्यास धूर होतो, आगही लागू शकते. पातळी फार घटली तर बेअरिंग कोरडी पडून इंजिन निकामी होते. त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत सपाट जागेवर डिपस्टिकने पातळी नियमित तपासावी.

कोकणातील विशेष काळजी

मुंबई-गोवा महामार्गावरील कासू (ता. पेण) यांसारख्या गावांत दमट हवेमुळे पत्र्याचे चेंबर गंजून त्याला बारीक छिद्रे पडू शकतात. अशी गळती गॅस्केट बदलून थांबत नाही. काढलेले तेल अंगणात ओतल्यास पावसाच्या पाण्याबरोबर ते विहिरी, भातखाचरे व खाडीपर्यंत जाऊ शकते. भारतीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोहोचेल अशा गॅरेजकडे द्यावे.