वरवट्टी ते काँग्रेस अध्यक्षपद: त्रेपन्न वर्षांची चढण

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर, बसवकल्याण तालुक्यात मुडबी हे गाव आहे. कन्नड, मराठी आणि दख्खनी उर्दू या तिन्ही भाषा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. शेजारच्याच भालकी तालुक्यातील वरवट्टी येथे २१ जुलै १९४२ रोजी मल्लिकार्जुन खर्गे यांचा जन्म झाला. निजामी राजवटीच्या अखेरीस रझाकारांच्या हिंसाचारात त्यांनी बालपणीच आई गमावली. पुढे गुलबर्ग्यात शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि गिरणी कामगारांची बाजू मांडू लागले.

चीनमध्ये नेत्याची बढती पक्षसंघटना ठरवते. १९८२ मध्ये झेंगडिंग तालुक्याचे पक्ष उपसचिव झालेले शी जिनपिंग याच वाटेने २०१२ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च पदी पोहोचले. आपल्याकडे पक्षश्रेष्ठींच्या मर्जीबरोबर मतदाराचा कौलही लागतो. खर्गे यांच्या वाटचालीत या दोन्हींची परीक्षा झाली.

१९६९ मध्ये ते गुलबर्गा शहर काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९७२ मध्ये गुरमितकलमधून प्रथमच विधानसभेत गेले. त्यानंतर सलग नऊ वेळा ते आमदार राहिले. दरम्यान शिक्षण, ग्रामविकास, महसूल, गृह अशी खाती त्यांनी सांभाळली. मुख्यमंत्रिपदाने मात्र १९९९, २००४ आणि २०१३ अशी तीनदा हुलकावणी दिली. ते पद अनुक्रमे एस. एम. कृष्णा, धरमसिंग आणि सिद्धरामय्या यांच्याकडे गेले. २००९ मध्ये लोकसभेत निवडून आल्यावर ते केंद्रात कामगारमंत्री आणि पुढे रेल्वेमंत्री झाले.

या चढणीचा या प्रदेशाला काय लाभ झाला? त्याचे ठोस उत्तर राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) मध्ये सापडते. खर्गे केंद्रात मंत्री असताना, २०१२ मध्ये, ९८ व्या घटनादुरुस्तीने ही तरतूद झाली. या मागणीच्या पाठपुराव्यात त्यांचा वाटा मोठा होता. या कलमामुळे हैदराबाद-कर्नाटकसाठी स्वतंत्र विकास मंडळ, निधीचे न्याय्य वाटप आणि शिक्षण व सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा यांचा मार्ग मोकळा झाला. गोमंतकीय वाचकांना या कलमाचा शेजार परिचित असेल: गोवा विधानसभेची किमान सदस्यसंख्या तीस ठरविणारे ३७१ (आय) त्याच्या लगेच आधी येते.

तरीही २०१९ मध्ये गुलबर्ग्याच्या मतदारांनी खर्गे यांना सुमारे ९५ हजार मतांनी पराभूत केले. निवडणुकीतील तो त्यांचा पहिलाच पराभव. २०२० मध्ये ते राज्यसभेवर गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये शशी थरूर यांना ७,८९७ विरुद्ध १,०७२ मतांनी हरवून काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

म्हणजे ज्या प्रदेशासाठी ते दिल्लीत झटले त्याने त्यांना नाकारले आणि तीनदा मुख्यमंत्रिपद न देणाऱ्या पक्षाने शेवटी स्वतःचेच नेतृत्व त्यांच्या हाती सोपवले. कलम ३७१ (जे) मात्र त्या जय-पराजयांच्या पलीकडे टिकले आहे. मुडबी परिसरातील विद्यार्थ्याला महाविद्यालयात मिळणारी राखीव जागा कोणत्याही निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नाही.