ज्ञानकोश की जंत्री?

राष्ट्रावरील आपत्तीचे कादंबऱ्यांत, चित्रपटांत आणि बोलभाषेत उमटलेले पडसाद ज्ञानकोशाने नोंदवावेत काय? पानिपताचेच उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे मराठी सैन्याचा संहार झाला. आज निवडणुकीतील पराभवालाही आपण ‘पानिपत’ म्हणतो. शब्द इतका रुळला, यातच त्या जखमेची खोली आहे. कोशकाराने तो टिपलाच पाहिजे. विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या ‘पानिपत’ कादंबरीलाही तेथे स्थान हवे. सदाशिवरावभाऊंविषयीची अनेकांची समजूत तिने घडविली. परंतु प्रत्येक उडत्या उल्लेखाची जंत्री कशासाठी? त्या रणात पडलेल्या बहुतेकांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांच्या नोंदीखाली करमणुकीची यादी लांबत जावी, हे औचित्याला सोडून होईल. समाजाची स्मृती ज्याने घडविली, तेवढेच कोशात यावे.