कारागिरीचे पृथक्करण

शागिर्दाने उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून, जे दृष्टीस पडेल ते उचलावे, हा सार्वत्रिक रिवाज बाजूस सारून, मॉस्कोच्या शाही तंत्रविद्यालयाचे संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी १८६८ च्या सुमारास सुतारकाम, लोहारकाम आदी हुन्नरांचे मूलक्रियांत पृथक्करण केले, आणि कानस चालविणे, सांधा जुळविणे अशा त्या क्रिया काठिण्याच्या चढत्या क्रमाने, नमुना व आराखडा समोर ठेवून, एका शिक्षकाने अनेकांना एकदम शिकवाव्यात, अशी व्यवस्था लाविली. हा सराव पुरा झाल्यावरच विद्यार्थी मागणीबरहुकूम माल तयार करणाऱ्या विद्यालयाच्या कारखान्यात जात. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ही पद्धती पाहून मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या जॉन रंकल यांनी ती उत्साहाने उचलली, परंतु केवळ सरावशाळेपुरती; आणि मला वाटते, पद्धतीचा अर्धा प्राण तेथेच गळाला, कारण गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरावयाची जबाबदारी कोणत्याही नमुन्यात सामावत नाही.