फोन पोहोचला नाही, तिथे शाळा कशी पोहोचली?

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. त्याच सुमारास आपल्या मंडळ्यांच्या उपासनाही मोबाईलवर आल्या. त्यामुळे शाळेचे वर्ग फोनवर भरू लागले, याचे शहरातल्या घरांना फारसे नवल वाटले नाही. धडगाव, मोखाडा, मेळघाट किंवा भामरागडच्या पाड्यांवरची स्थिती मात्र वेगळी होती. शासनाने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे अभियान हाती घेतले होते. पण पाड्यावर ते सुरू ठेवायचे कसे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी एकेका शिक्षकालाच सोडवावा लागला. त्यासाठी कोणते मार्ग वापरले गेले, कोणते टिकले आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय तयारी हवी, हे आपण या लेखात पाहू.

ऑनलाइन वर्ग कुठे अडले?

‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणानुसार, शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी 2018 मध्ये 36.5 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2020 मध्ये हे प्रमाण 61.8 टक्के झाले. आकडा दिलासा देणारा वाटतो. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यात फरक आहे. सकाळी वडील मजुरीला गेले की फोनही त्यांच्यासोबत जातो. रिचार्ज संपला तर पुढच्या बाजारापर्यंत थांबावे लागते. तीन भावंडांत एक फोन असतो, आणि रेंज कधी कधी टेकडीवर चढल्यावरच मिळते.

ऑगस्ट 2021 मध्ये 15 राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे 1,400 वंचित कुटुंबांतील मुलांची पाहणी झाली. ग्रामीण भागात त्यांतील केवळ 8 टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती. ग्रामीण दलित आणि आदिवासी मुलांमध्ये तर हे प्रमाण 4 टक्केच होते.

दुसरी अडचण भाषेची. घरी पावरी, कोरकू, माडिया किंवा कातकरी बोलणारे पहिली-दुसरीचे मूल पुस्तकातली मराठी बाईंच्या हातवाऱ्यांतून, चित्रांतून आणि शेजारच्या मुलाकडे पाहून शिकते. फोनच्या लहानशा पडद्यावर हे आधार राहत नाहीत.

आश्रमशाळांची दुहेरी कोंडी

महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित मिळून एक हजाराहून अधिक आश्रमशाळा आहेत. तिथे मुले शिकतात, जेवतात आणि राहतात. शाळा बंद झाली तेव्हा वर्गाबरोबर दोन वेळचे जेवण आणि आरोग्य तपासणीही थांबली. एकाच शाळेतली मुले दूरदूरच्या गावांत विखुरली.

शाळा उघडणेही सोपे नव्हते. गावच्या शाळेत निम्मी मुले आज, निम्मी उद्या असे करता येते. वसतिगृहात मात्र मुले एकाच खोलीत झोपतात, एकाच पंगतीत जेवतात. फेब्रुवारी 2021 मध्ये वाशिम जिल्ह्यातील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना कोरोनाची लागण झाली, तेव्हा हा धोका सर्वांच्या लक्षात आला.

म्हणून शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून आणि पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद पडले. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 ला उघडले, तर पहिली ते चौथीचे डिसेंबर 2021 मध्ये. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले, ते थेट दुसरीत.

पाड्यावर गेलेली शाळा

या काळात इंटरनेटशिवाय चालणारे काही मार्ग पुढे आले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै 2020 पासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्यातील दांडवळसारख्या गावांत दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ भरवली: ध्वनिक्षेपकावर पाठ लागायचा आणि मुले अंतर ठेवून ऐकायची. आदिवासी विकास विभागाच्या ‘अनलॉक लर्निंग’ उपक्रमात आश्रमशाळांचे शिक्षक मुलांच्या गावी जाऊन शिकवू लागले.

ज्यांना ही घडी बसवता आली, त्यांची पद्धत साधारण अशी होती. आधी मुलांची यादी पाड्यांप्रमाणे करायची. शिक्षकाने आठवड्यातून एक-दोनदा प्रत्येक पाड्यावर जाऊन झाडाखाली किंवा समाजमंदिरात पाच-सहा मुलांना शिकवायचे. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ वाटण्याच्या दिवशीच स्वाध्यायाचे कागद द्यायचे आणि मागचे तपासायचे. मधल्या दिवसांत पाड्यावरच्याच दहावी-बारावी शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने रोज तासभर मुलांना घेऊन बसायचे. हा दादा किंवा ताई मुलांच्या बोलीत समजावते, कोण आले नाही हे तिला घरबसल्या कळते आणि तिचा आवाज मुलांच्या ओळखीचा असतो.

टीव्ही असो, ध्वनिक्षेपक असो वा फोन, जिथे मुलांजवळ बसणारे कोणीतरी होते, तिथे त्यांचा उपयोग झाला. एरवी पाठ लागायचा, संपायचा, आणि मुलाला काय कळले हे कोणालाच समजत नसे.

शाळा उघडल्या, पण मागचे राहिले

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी 2021 मध्ये पाच राज्यांतील दुसरी ते सहावीच्या 16,067 मुलांची पाहणी केली. त्यांतील 92 टक्के मुले भाषेतील किमान एक कौशल्य विसरली होती. गणितात हे प्रमाण 82 टक्के होते. या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. पण देशभराचे चित्रही फार निराळे नाही. ‘असर’नुसार, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची ग्रामीण मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती, ती 2022 मध्ये 20.5 टक्क्यांवर आली.

अशा वेळी चौथीच्या मुलाला चौथीचे पुस्तक देऊन काही साधत नाही. दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून, अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी आणि परिच्छेद वाचणारी असे गट करून शिकवावे लागते. जी मुले परतलीच नाहीत, त्यांची गोष्ट याहून कठीण आहे. कोणी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाऊ लागले, कोणा मुलीचे लग्न लावून दिले. त्यांना परत आणायला घरापर्यंतच जावे लागते आणि एका फेरीत काम होत नाही.

आपण काय करू शकतो?

“मुलांसाठी टॅब घेऊन देऊ का?” असे देणगीदार मनापासून विचारतात. त्याचे उत्तर असे आहे: टॅब द्यायचा असेल तर त्याच्याशेजारी कोण बसणार, हे आधी ठरवू या. टॅब लवकर खरेदी करता येतात आणि छायाचित्रात चांगले दिसतात. ताईचे मानधन दर महिन्याला द्यावे लागते आणि ते कोणाच्या नजरेत येत नाही. पण मुलाला वाचायला शिकवते ती ताईच.

शाळा केवळ साथीमुळे बंद पडत नाहीत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क पावसाळ्यात आजही तुटतो. म्हणून पुढील तयारी दर जूनमध्ये व्हायला हवी:

- प्रत्येक मुलाचा पाडा, घरातला फोन आणि घरात वाचता येणारी व्यक्ती यांची नोंद.
- महिनाभर पुरतील इतके छापील स्वाध्याय, गोष्टींची पुस्तके, वह्या आणि पेन्सिली.
- प्रत्येक पाड्यासाठी एक प्रशिक्षित तरुण किंवा तरुणी आणि तिचे ठरलेले मानधन.
- शाळा बंद असतानाही शिधा आणि आरोग्य तपासणी चालू राहील अशी व्यवस्था.

आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक असतील, तर सुट्टीतले आठ दिवस ते या तरुणांना वाचन शिकवण्याची रीत दाखवू शकतील. एखादा तरुणसंघ किंवा महिला मंडळ एका पाड्याच्या ताईचे वर्षभराचे मानधन उचलू शकेल. येत्या जूनच्या आधी आपल्या मंडळीच्या सभेत या दोन गोष्टी जरूर मांडाव्यात, ही विनंती.