‘द लॉज’सारख्या बर्फातल्या घरात फोन खरंच बंद पडेल का?

‘द लॉज’ (2019) हा कमी खर्चातला सायकॉलॉजिकल थ्रिलर. बर्फात अडकलेलं एकाकी घर, बहीण-भाऊ आणि त्यांच्या वडिलांची होणारी बायको. एका सकाळी उठून बघतात तर जनरेटर बंद, औषधं गायब, फोनही बंद. (का, ते सांगत नाही. बघाच!)

पण नुसत्या थंडीनेही फोन बंद पडू शकतो बरं का. लिथियम-आयन बॅटरीत आयन इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवातून ये-जा करतात. गारठ्यात त्यांची चाल मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज घसरतं. मग 30 टक्के चार्ज दिसत असतानाही स्क्रीन काळी! चार्ज संपलेला नसतो, फक्त बाहेर काढता येत नाही. म्हणून मनाली-लडाखला गेलात तर फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. ऊब मिळाली की तो बहुतेक वेळा पुन्हा सुरू होतो.

गारठलेला फोन लगेच चार्जिंगला मात्र लावू नका. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर साचू शकतो. त्याने बॅटरीची क्षमता कायमची कमी होते, शॉर्ट सर्किटचा धोकाही वाढतो. काही फोन तर इतक्या थंडीत स्वतःच चार्जिंग थांबवतात. आधी फोन उबदार होऊ द्या, मग केबल लावा.