गिझर दुरुस्त करावा की बदलावा? बहरैनमधील घरांसाठी गैरसमज आणि वस्तुस्थिती

बहरैनमधील बहुतेक फ्लॅटमध्ये अंघोळीचे पाणी विजेच्या साठवण गिझरमध्ये तापते. टाकी साधारण 50 ते 80 लिटरची असते. ती बाथरूमच्या भिंतीवर उभी टांगलेली असते किंवा फॉल्स सीलिंगच्या वर आडवी बसवलेली असते. थंड देशांत घर आणि पाणी दोन्ही तापवणारा गॅसचा बॉयलर असतो, तसा येथे लागत नाही. त्यामुळे बॉयलरबद्दलचे सल्ले गिझरला जसेच्या तसे लावले की निर्णय चुकतो.

त्यातला पहिला सल्ला असा, की जुने यंत्र ऊर्जा खाते आणि नवे ती वाचवते. गॅसच्या बॉयलरबाबत हे खरे आहे. जुन्या बॉयलरची बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि नवा बॉयलर ती पकडतो. गिझरची कॉइल मात्र पाण्यातच बुडालेली असते, म्हणून तिने घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यातच उतरते, मग गिझर दहा वर्षांचा असो वा कालचा. 50 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यासाठी सुमारे 2.3 युनिट वीज लागते, आणि कोणत्याही कंपनीचा गिझर यात सूट देऊ शकत नाही. नव्या गिझरमध्ये फरक पडतो तो फक्त टाकीभोवतीच्या आवरणाचा. चालू ठेवलेल्या टाकीतून दिवसाला साधारण एक युनिटाच्या आसपास उष्णता बाहेर झिरपते. चांगल्या आवरणाने त्यातला काही भाग वाचतो.

पैशांत हे किती होते? मार्च 2016 पासून बहरैनमध्ये विजेवरील अनुदान टप्प्याटप्प्याने कमी झाले आणि परदेशी कुटुंबांसाठी विजेचा दर 2019 पर्यंत युनिटला 29 फिल्सवर गेला. दिनार म्हणजे हजार फिल्स. या दराने टाकी एकदा तापवायला सुमारे 68 फिल्स लागतात. आवरणामुळे रोजचे तृतीयांश युनिट वाचले असे धरले, तरी महिन्याला दिनाराचा तिसरा हिस्साही हाती येत नाही. बहरैनी नागरिकाच्या पहिल्या घराला सुरुवातीच्या टप्प्यात 3 फिल्सचा दर मिळत आला आहे, तिथे तर ही बचत दिसणारही नाही. केवळ वीजबिलासाठी चालता गिझर बदलणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तेच पैसे वाचवायचे असतील तर गरज नसताना गिझर बंद ठेवावा.

दुसरा समज वयाचा: आठ-दहा वर्षे झाली की गिझर काढून टाकावा. वयापेक्षा टाकीची अवस्था पाहणे योग्य. साठवण गिझर म्हणजे एक टाकी आणि तिला जोडलेले काही सुटे भाग. कॉइल, थर्मोस्टॅट, जादा तापल्यावर वीज तोडणारा कटआउट, सेफ्टी व्हॉल्व्ह, रबरी गॅस्केट, हे सगळे बदलता येते आणि तेही थोड्या पैशांत. टाकीला मात्र पर्याय नाही. बहुतेक टाक्या पोलादी असून आतून काचेसारख्या एनॅमलचा लेप असतो. त्या लेपात कुठेतरी बारीक छिद्रे राहतातच. तिथे गंज धरू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. ती आधी झिजते आणि पोलादाला वाचवते. कांडी संपली की गंज टाकीला लागतो. दर एक-दोन वर्षांनी ती उघडून पाहणे हा गिझरचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि घराघरांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणाराही तोच आहे.

या कांडीचे बहरैनमध्ये विशेष महत्त्व आहे. नळाचे पाणी मुख्यतः समुद्राचे पाणी निक्षारित करून मिळते. सित्रा येथील प्रकल्प 1970 च्या दशकातला, तर रास अबू जर्जूर येथे खाऱ्या भूजलावरचा रिव्हर्स ऑस्मोसिस प्रकल्प 1984 मध्ये सुरू झाला. त्यानंतर हिद्द आणि अद दूर येथील प्रकल्प आले. महाराष्ट्रात बोअरवेलच्या पाण्याने कॉइलवर क्षारांचा जाड थर चढलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाटते की निक्षारित पाण्यात गिझरला धोकाच नाही. पण निक्षारित पाणी मुळात धातूला झोंबणारे असते. म्हणूनच ते नळाला सोडण्याआधी त्यात पुन्हा खनिजे मिसळतात, आणि काही ठिकाणी भूजलही मिसळले जाते. त्यामुळे क्षारांचा थर कमी-जास्त असला तरी गंजाचा प्रश्न उरतोच.

सर्वाधिक गोंधळ होतो तो गळतीबाबत. पाणी टपकले म्हणजे गिझर संपला, असे मानले जाते. आधी पाणी कुठून येते ते पाहावे. 20 अंशांचे पाणी 60 अंशांवर गेले की सुमारे दीड टक्का फुगते. 50 लिटरच्या टाकीत हे जवळजवळ पाऊण लिटर होते. येणाऱ्या नळीवर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असल्याने हे पाणी मागे जाऊ शकत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. म्हणजे गिझर तापत असताना होणारे हे टपकणे दोष नाही. ते थांबवण्यासाठी व्हॉल्व्हचे तोंड बुच मारून बंद करणे अतिशय धोक्याचे आहे. थर्मोस्टॅट अडकला आणि व्हॉल्व्हही बंद असला, तर दाबाने टाकी फुटू शकते. त्या तोंडाला नळी जोडून पाणी मोरीत सोडणे हाच योग्य मार्ग. गिझर थंड असतानाही व्हॉल्व्ह गळत राहिला, तर तो बदलावा किंवा इमारतीच्या पंपाचा दाब तपासावा.

कॉइलच्या झाकणाभोवती पाणी दिसले तर बहुधा गॅस्केट गेलेले असते, म्हणजे ही दुरुस्तीच आहे. पण टाकीच्या अंगातून, सांध्यातून किंवा बाहेरच्या आवरणाच्या खालून पाणी येत असेल, तर गिझर बदलण्यावाचून इलाज नाही. वेल्डिंग किंवा एम-सील लावून टाकी टिकत नाही. बाजूची जागा आधीच गंजलेली असते आणि आतला लेप वेल्डिंगच्या उष्णतेने आणखी फुटतो. फॉल्स सीलिंगच्या वरचा गिझर असेल तर गळती उशिरा कळते. छतावर पिवळट डाग पडला की आठवडाभर वाट न पाहता सीलिंगचे झाकण उघडून पाहावे, नाहीतर पाणी खालच्या फ्लॅटमध्ये उतरते. तांबूस पाण्याचीही अशीच परीक्षा आहे: फक्त गरम नळाला तांबूस पाणी आले तर संशय टाकीवर, दोन्ही नळांना आले तर गच्चीवरच्या टाकीवर किंवा पाइपांवर.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाने इतके तापते की कित्येक घरांत गिझर बंदच असतो. त्याची घरातली टाकी तुलनेने गार पाणी साठवायलाही वापरली जाते, म्हणजे मग गरम नळाचे पाणीच अंघोळीला सुसह्य ठरते. हिवाळ्यात तो पहिल्यांदा सुरू केला की ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि घरात निष्कर्ष निघतो की गिझर गेला. पुष्कळदा कॉइलच्या आतल्या निरोधक भुकटीत ओल शिरलेली असते किंवा कॉइलला चीर गेलेली असते. कॉइल बदलली की काम होते. ईएलसीबी काढून किंवा वळसा घालून गिझर चालवणे मात्र जीवावर बेतू शकते.

बंद राहिलेल्या टाकीतले कोमट पाणी न्यूमोनियासारखा आजार करणाऱ्या लिजिओनेला जिवाणूंना पोषक असते. ते पाणी आधी सोडून द्यावे आणि टाकी 60 अंशांपर्यंत तापवून मगच वापरावी. वीज वाचवण्यासाठी थर्मोस्टॅट कायम 40 अंशांवर ठेवणे याच कारणाने बरोबर नाही.

भाड्याच्या घरात शेवटचा प्रश्न खर्चाचा. काही भाडेकरारांत वीज-पाण्याचे बिल ठरावीक मर्यादेपर्यंत भाड्यातच धरलेले असते, आणि देखभालीची जबाबदारीही करारागणिक बदलते. गिझर घरमालकाचा असेल तर तो भाडेकरूने स्वतः बदलू नये. दोषाचे फोटो काढून लेखी कळवावे, नेमकी टाकी गळते की एखादा भाग, ते तंत्रज्ञाकडून लिहून घ्यावे आणि मगच दुरुस्ती किंवा नव्या गिझरची मागणी करावी. किमतींची तुलना करताना 1 जानेवारी 2022 पासून लागू असलेला 10 टक्के व्हॅट, बसवण्याची मजुरी आणि जुना गिझर उतरवण्याचा खर्च यांचाही हिशेब धरावा.