कप्तान इव्हान्सचे प्यादे

सुरुवातीलाच आपण होऊन प्यादे देऊन टाकायचे आणि बदल्यात आक्रमणाला वेळ मिळवायचा, याला बुद्धिबळात गॅम्बिट म्हणतात. त्यातला सर्वांत देखणा प्रकार शोधला तो एका दर्यावर्दी माणसाने. वेल्सचा विल्यम डेव्हिस इव्हान्स मिलफर्ड हेवन आणि आयर्लंडमधील वॉटरफर्ड यांच्यात टपाल नेणाऱ्या बोटीचा कप्तान होता. रात्री बोटींची टक्कर होऊ नये म्हणून तिरंगी दिव्यांची पद्धत काढण्याचे श्रेयही त्याला दिले जाते. त्याचे नाव मात्र राहिले ते १८२०च्या दशकात सुचलेल्या एका चालीमुळे.

दोन्हीकडची राजासमोरची प्यादी, मग घोडे, मग उंट. तीन चाली अगदी साध्या. चौथ्या चालीला पांढरा आपले प्यादे बी४ घरात, थेट काळ्या उंटाच्या तोंडी देतो. उंट ते मारतो. लगेच सी३ला आलेले प्यादे त्याच उंटावर धावून जाते आणि त्याला पुन्हा हलावे लागते. काळ्याच्या पहिल्या पाच चालींपैकी तीन एकट्या उंटापायी खर्ची पडतात. तेवढ्यात पांढरा पटाचा मधला भाग बळकावतो, किल्लेकोट करतो आणि जमल्यास दुसरा उंट ए३ला बसवून काळ्याच्या किल्लेकोटाची वाटच अडवतो.

१८५२मध्ये बर्लिनला अडॉल्फ अँडरसनने याच गॅम्बिटने ड्यूफ्रेनविरुद्ध वजीरसुद्धा देऊन २४व्या चालीला मात केली. तो डाव आजही ‘एव्हरग्रीन’ नावाने ओळखला जातो. पुढे इमॅन्युएल लास्करने वेळीच प्यादे परत करून शांतपणे खेळण्याचा बचाव रूढ केला आणि गॅम्बिटची धार बोथट झाली. मोठ्या स्पर्धांतून ते जवळजवळ दिसेनासे झाले.

१९९५मध्ये ते परतले, आणि समोर होता आपला विश्वनाथन आनंद. मिखाईल तालच्या स्मरणार्थ रिगाला भरलेल्या स्पर्धेत गॅरी कास्पारॉव्हने चौथ्या चालीला बी४ खेळले. आनंदने उंट ई७ला मागे घेतला. पांढऱ्या वजिराने जी७ प्याद्यावर नजर रोखली, तेव्हा त्याला जी६ खेळून राजाभोवतीची काळी घरे उघडी टाकावी लागली. पंधराव्या चालीला कास्पारॉव्हने ई५चे प्यादेही वाऱ्यावर सोडले आणि उंट एच६वर आणून बसवला. आता काळ्याला त्या बाजूला किल्लेकोट शक्य नव्हता. आनंदने दुसरे प्यादेही मारले, पण राजा मध्यावरच अडकला आणि शेवटी शह चुकवत एफ७वर आला. २५व्या चालीनंतर आनंदने डाव सोडला.

तेव्हा पटावर आनंदची सहा प्यादी होती आणि कास्पारॉव्हची चार.